चार की सात

दादा,

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला दोन ओळी लिहून द्या, असं सेक्रेटरी म्हणाले, म्हणून मी लिहून दिल्या. नाव, वय एकोणचाळीस, 'प्रदीर्घ आजाराने'. खाली हात जोडलेली चित्रं येत राहिली. त्यातल्या निम्म्या लोकांना तू म्हणजे सी विंगमधला व्हीलचेअरवाला, एवढंच ठाऊक. 'प्रदीर्घ' हा शब्द तुला आवडला नसता. अडीच वर्षं म्हणजे कसली प्रदीर्घ, आपल्याकडच्या फ्लायओव्हरला याहून जास्त लागली, असं काहीतरी बोलला असतास.

आज अठरावा दिवस. तुला जे सांगायचं राहिलंय ते दोन ओळींत बसणारं नाही आणि ग्रुपवर टाकण्यासारखंही नाही. म्हणून हे लिहितेय.

भेटायला येणारे एक प्रश्न हमखास विचारतात. शेवटी शेवटी वेळ कसा घालवायचा हो तो? पहिल्या दिवशी मी खरं ते सांगून टाकलं, पत्ते खेळायचा. समोरच्या काकूंचा चेहरा असा काही झाला की आईच मध्ये पडली. 'तसले पत्ते नाहीत हो. स्पर्धेचे पत्ते. मोठ्या हॉलमध्ये होते स्पर्धा, पंच असतात.' दादा, आपली आई हे म्हणाली. तू डिप्लोमाला असताना जिने तुझा पत्त्यांचा डबा माळ्यावर टाकला होता, परत दिसले तर जाळीन म्हणाली होती, तीच. तू दोन दिवस जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच स्टुलावर चढून डबा खाली काढला, पुसला आणि एक शब्द न बोलता तुझ्यासमोर ठेवला. पुढे कित्येक वर्षं संध्याकाळी मालिका बघता बघता ती तुझ्या पत्त्यांची प्लास्टिकची कव्हरं ओल्या फडक्याने पुसत बसायची. खेळ तिला कधीच कळला नाही. कव्हरांवर बोटांचे डाग राहिलेले मात्र तिला चालायचे नाहीत.

मला तरी कुठे कळायचा? हार्बर नावाचा खेळ. दोघांची दोन बंदरं, प्रत्येक बंदराला वीस लाइफ. साठ पत्त्यांची गड्डी ज्याची त्याने जमवायची, त्यात जहाजं, वारे, वादळं, दीपगृहं, आणि समोरच्याचे वीस लाइफ आधी संपवायचे. पाकिटात कुठला पत्ता निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून मग अदलाबदल, भांडणं आणि दोस्त्या. जिग्नेश तुला तसाच भेटला. हाटकेशला त्याचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा गाळा. रविवारी मशीन बंद असायचं, की त्याच्याच शेजारी टेबलं मांडून तुम्ही दहा-बारा जण संध्याकाळपर्यंत खेळत बसायचात. पंधरा वर्षं हे चाललं. मला ते पोरकट वाटायचं आणि मी तुला तोंडावर सांगायचे. चाळिशीला आलेला माणूस रविवारी खोटी जहाजं बुडवतोय, म्हणून.

'आणि तुझ्या सिरियलमधली माणसं खरी असतात का?' तू म्हणायचास.

आजार तुला तिथेच कळला. पत्ते पिसताना उजव्या हाताचा अंगठा सुटला आणि अख्खी गड्डी जमिनीवर, पुठ्ठ्याच्या कातरणात. सगळे हसले. तूही हसलास. पुढच्या रविवारी परत तेच. तिसऱ्या रविवारी जिग्नेश हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला क्लिनिकमध्ये फोन केला. दातांच्या डॉक्टरांकडे मी रिसेप्शनला आहे, एवढंच त्याला माझ्याबद्दल माहीत होतं. 'वैशाली, समीर को डॉक्टर के पास ले जा. वो खुद नहीं जाएगा.'

मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढला, पाठीचा कणा काढला, तिथून हातापायांकडे जाणारे बाण काढले. यावर औषध काय, असं मी विचारलं तेव्हा ते पेनाचं टोपण लावत राहिले. लावून झालं तरी परत काढून लावलं. तू ते बघत होतास. बाहेर आल्यावर म्हणालास, 'ड्रॉइंग वाईट काढतात ते.' आर्किटेक्टच्या ऑफिसात सोळा वर्षं ड्रॉइंग्ज काढणारा तू. चार महिन्यांनी तुला माउस धरता येईना.

आधी उजवा हात गेला, मग डावा, मग पाय. जीभ सगळ्यांच्या मागून. मी नुसती बघत होते. दर महिन्याला एक काहीतरी कमी व्हायचं आणि आपण त्याची सवय करून घेईपर्यंत पुढचं जायचं. तुला भरवणं, दाढी करणं, कूस बदलणं, हे मी न शिकवता शिकले. हार्बर मात्र तू शिकवलास.

हातात पत्ते राहीनात तेव्हा सुताराकडून खाच पाडलेली लाकडी पट्टी करून घेतलीस. तिच्यात पत्ते उभे करायचे, तोंडं तुझ्याकडे. मी तुझ्या बाजूला बसायचे. डावीकडून एक, दोन, तीन. तू नंबर सांगायचास, मी उचलून टेबलावर ठेवायचे. पत्त्याचं नाव घेतलं तर समोरच्याला कळेल, म्हणून नंबर. पुढे तुझी जीभ जड झाली. एक, दोन, तीन, सहा कळायचे. चार, पाच आणि सात यांची सरमिसळ व्हायची. तिन्हींत तो 'आ', आणि त्याच्या आजूबाजूची अक्षरं तुझ्या तोंडात विरघळून गेलेली. मग आपण ठरवलं की मी पत्त्यावर बोट ठेवायचं, तू डोळे मिटून उघडायचे आणि मगच मी तो खेळायचा. मिटले नाहीत तर पुढच्या पत्त्यावर बोट.

रोज संध्याकाळी मी क्लिनिकमधून आले की आपण जेवणाच्या टेबलावर बसायचो. समोरच्या बाजूचे पत्तेही तूच सांगायचास, तूच तुझ्याविरुद्ध खेळायचास आणि मी दोघांचे हात. आई पलीकडे पोळ्या लाटता लाटता विचारायची, 'कोण जिंकलं?' तू जिंकलास म्हटलं तर खूश, आणि तूच हरलास म्हटलं तर 'अगं, मग नीट खेळ ना त्याच्याकडून.'

एक सांगू? मला तो खेळ आवडायला लागला होता. क्लिनिकमध्ये पेशंटची नावं लिहिताना मी मनात डाव लावायचे. काल दीपगृह आधी टाकलं असतं तर, असं काहीतरी. हे मी तुला कधीच बोलले नाही. पंधरा वर्षं पोरकट म्हटल्यावर कुठल्या तोंडाने बोलणार होते? उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिलं.

काशीमीऱ्याच्या हॉटेलात फॅन लोकांचं संमेलन भरणार असल्याची बातमी जिग्नेशनेच आणली. कॉमिक्सवाले, गेमवाले, वेष करून येणारे, सगळे. त्यातच हार्बरची विभागीय चॅम्पियनशिप. एरवी ती लांब कुठेतरी व्हायची. कधी तुला सुट्टी मिळायची नाही, मिळाली तर पहिल्या दोन डावांतच बाहेर व्हायचास. या खेपेला घरापासून वीस मिनिटांवर, आणि पहिल्या दोघांना बंगळुरूला फायनल खेळायला जायचं होतं.

मी नाही म्हणाले. जोरात म्हणाले. 'दिवसभर एसीत, एवढ्या गर्दीत, तुझ्या छातीला झेपणारे का?'

'घरी काय करू? पंखा बघू?' एवढं बोलायला तुला मिनिटभर लागलं.

'पत्त्यांसाठी जेवढा जीव टाकतोस तेवढा व्यायामासाठी टाकला असतास तर आज ही वेळ आली नसती.'

हे मी बोलले, दादा. त्या सकाळी फिजिओच्या बाईंना तू दारातूनच परत पाठवलं होतंस आणि मी चिडले होते, हे कारण खरंय. तरीही. व्यायामाने काही थांबणार नव्हतं हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. मान फिरवायलाही तुला मदत लागायची, त्यामुळे माझ्याकडे बघतच राहावं लागलं तुला. शेवटी आईने गॅस बंद केला आणि बाहेर आली. 'जाऊ दे त्याला, वैशू. तू जा बरोबर.'

त्या दिवशी व्हीलचेअर हॉटेलच्या पुढच्या पायऱ्या चढेना. म्हणून आपल्याला मागच्या बाजूने, किचनमधून नेलं. कांद्याची पोती, एवढाल्या कढया, ओली फरशी. एक आचारी तुला हात जोडून बाजूला झाला. कोणी बडे पाहुणे आलेत असं वाटलं असावं त्याला. आत गेलो तर निळ्या केसांच्या मुली, पुठ्ठ्याच्या तलवारी, पाठीला पंख लावलेली एकजण लिफ्टच्या दारात अडकलेली आणि दोघं तिला ओढून काढतायत. मी तुझा चेहरा बघितला. तसा चेहरा मी दोन वर्षांत बघितला नव्हता. इथे आपल्या रस्त्यावर तुला फिरवायला नेलं की माणसं बघायची, मग बघत नाही असं दाखवायची. त्या हॉलमध्ये कोणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. सगळेच चित्रविचित्र, त्यात एक खुर्चीवाला.

एसी मात्र मी म्हटलं होतं तसाच. आणि शाल घरी राहिलेली, माझीच चूक. तुझे पाय बर्फासारखे झाले. शेजारच्या टेबलावर लाल झगा घातलेला एक धिप्पाड माणूस बसला होता. त्याने मला तुझे पाय चोळताना पाहिलं, उठला आणि झगा काढून तुझ्या मांडीवर घातला. 'रख लो दीदी, मुझे वैसे भी गरमी हो रही है.' आणि त्या थंडीत तो दिवसभर बनियनवर खेळला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

पंच एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन नियम सांगितला. 'आप सिर्फ हाथ हैं. सलाह नहीं, इशारा नहीं. चेहरा भी नहीं.' मी मान डोलावली. बोलायला सोपं होतं ते.

सकाळी पाच डाव झाले आणि चार तू जिंकलास. तो दुसऱ्या डावातला कॉलेजचा मुलगा आठवतो? तो जे विचारायचं ते मला विचारत होता. 'इनका हो गया? इनको और टाइम चाहिए?' तुला ऐकू येत नाही असं धरूनच चालला होता. तू पुटपुटलास, 'दोन.' मी दुसऱ्या पत्त्यावर बोट ठेवलं, तू डोळे मिटलेस, आणि त्याचं सगळ्यात मोठं जहाज बुडालं. मग 'सहा', आणि त्याचं बंदर गेलं. तो उठून उभा राहिला. 'वेल प्लेड, सर,' म्हणाला, आणि या वेळेस तुझ्याकडे बघून म्हणाला. मला चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी टेबलाखाली तुझा गुडघा दाबला.

दुपारी मी तुला नाचणीची पेज भरवली. ठसका लागू नये म्हणून मान पुढे धरून, चमच्या-चमच्याने. तेवढ्या वेळात तुझा श्वास मला नीट ऐकू आला. सकाळचा श्वास नव्हता तो. वरच्यावर चाललेला, मध्येच अडकणारा.

'जाऊ या का घरी?' मी विचारलं. 'पहिल्या चौघांत आलास. खूप झालं.'

तू फक्त माझ्याकडे बघितलंस. मी चमचा पुसून पिशवीत ठेवला आणि खुर्ची टेबलाकडे वळवली.

उपांत्य डाव जिग्नेशबरोबर लागला. तो येऊन समोर बसला. 'समीर, मी काय...' म्हणाला आणि थांबला. तू त्याला काहीतरी म्हणालास. त्याला कळेना. मी सांगितलं, 'तो म्हणतोय, मुद्दाम हरलास तर परत तोंड दाखवू नकोस.' जिग्नेश हसला, बाहीने डोळे पुसले आणि पत्ते पिसायला घेतले.

तासभर चालला तो डाव. शेवटी तुझ्या बंदराचे तीन लाइफ उरले होते आणि त्याचे चार. पट्टीवर सात पत्ते उभे होते. चौथा वादळ होता, सातवा दीपगृह. एवढं आता मलाही कळत होतं. वादळ टाकलं असतं तर डाव तिथल्या तिथे संपणार होता. जिग्नेशकडे वादळ परतवायचा पत्ता असला तर आपण बुडणार, नसला तर तो. दीपगृह टाकलं असतं तर आपण वाचणार, पण मग डाव अजून अर्धा तास तरी लांबणार.

तू बोललास. चार म्हणालास. किंवा सात. मागे कोणीतरी माइकवर वेषभूषेच्या बक्षिसांची नावं घेत होतं आणि माणसं शिट्ट्या मारत होती. मला चार ऐकू आलं. मी चौथ्या पत्त्यावर बोट ठेवलं आणि तुझ्याकडे बघितलं. तुझे डोळे मिटले आणि उघडले. पण एसीच्या झोताने सकाळपासून तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दादा. तू सकाळपासून डोळे मिटतच होतास.

मी वादळ टेबलावर ठेवलं.

तुझ्या घशातून एक आवाज आला. पंचबाईंनीही तो ऐकला. त्यांनी जिग्नेशला हाताने थांबवलं आणि तुझ्यासमोर वाकून विचारलं, 'सर, आपने यही कार्ड बोला था? गलती हुई हो तो अभी वापस हो सकता है.' जिग्नेश हातातले पत्ते छातीशी धरून बसला होता. मी तुझ्याकडे बघत होते. मला ओरडून विचारायचं होतं, चार का सात, दादा, चार का सात. पण मी हात होते.

'हो,' तू म्हणालास.

त्या दिवसातला तुझा सगळ्यात स्पष्ट शब्द तो.

जिग्नेशने छातीशी धरलेले पत्ते खाली घेतले. मग त्याने एक पत्ता उलटा केला. वादळ आपल्याच बंदरावर परत आलं आणि डाव संपला.

घरी आपण त्याच्याच टेम्पोतून आलो. तू खुर्चीसकट मागे, रिकाम्या खोक्यांच्या मध्ये, आणि मी चाकं धरून खाली बसलेली. बाजूने ट्रक धडधडत जात होते. मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, 'सात म्हणालास ना?' तू डोळे मिटून घेतलेस. 'सांग ना. सात होतं ना?'

'संपलं,' तू म्हणालास.

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी परत. तेव्हा तू एक वाक्य बोललास. तीनदा बोललास तेव्हा मला कळलं. 'हात माझेच होते ना.'

मी उठून आत निघून गेले. हे काय उत्तर झालं? चार म्हणाला असशील तर चार म्हण, मी सुटेन. सात म्हणाला असशील तर शिव्या घाल. इतकी वर्षं त्या एका दिवसाची वाट बघितलीस आणि बहिणीने तो घालवला, असं म्हण. मला सांभाळून घ्यायला कोणी सांगितलं होतं तुला? ज्याला स्वतःची मान सांभाळता येत नव्हती, त्याने मला सांभाळून घ्यायचं? मी दोन दिवस तुझ्याशी कामापुरतं बोलले. आता ते दोन दिवस मोजतेय. त्या दोन दिवसांत आपण पत्ते काढलेच नाहीत. नंतरही फारसे काढले नाहीत, तुला बसवेना.

पाचव्या आठवड्यात ताप आला. छातीत कफ भरला आणि तुला खोकता येईना. खोकण्यासाठीसुद्धा ताकद लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी पाठीवर थापटत राहिले, आई वाफ देत राहिली, काही उपयोग झाला नाही. दुपारी अॅम्ब्युलन्स आली आणि तीन वाजता मी आयसीयूच्या दारात उभी होते. डॉक्टर म्हणाले, घशात नळी घालून मशीनवर ठेवता येईल. पण एकदा ठेवलं की यांच्या आजारात ते निघणं कठीण. ठेवायचं का?

तू मला आधी सांगितलं होतंस. दिवाळीनंतर कधीतरी, टेबलावर पत्ते मांडलेले असताना मध्येच म्हणालास, 'मशीन नको, वैशू.' मला कळलं होतं. मी म्हटलं, 'नंबर सांग. कितवा?' तू म्हणालास, 'तीन.' मी तिसरा पत्ता उचलला. विषय तिथेच संपवला मी. तुझ्याशी तेवढं एक बोलणं मला झेपलं असतं तर त्या दारात उभी असताना काहीतरी हातात असतं माझ्या.

'ते शुद्धीवर आहेत,' डॉक्टर म्हणाले. 'त्यांनाच विचारा. त्यांचं बोलणं तुम्हालाच कळतं ना?'

सिस्टरने मास्क जरा बाजूला केला. मी वाकले. 'दादा, नळी घालू का म्हणतायत. मशीन.' तू बोललास. दोन अक्षरं असतील. माझी नजर तुझ्या डोळ्यांवर होती. ते मिटले आणि थोडा वेळ मिटलेलेच राहिले.

'नको म्हणतोय,' मी डॉक्टरांना सांगितलं.

आई माझ्या मागेच होती. तिने माझा दंड धरला. 'वैशू, नीट ऐकलंस ना?'

'हो.'

दोन दिवसांनी सकाळी तू गेलास. मी तुझे पाय चोळत होते. कुठल्या क्षणी ते तुझे राहिले नाहीत, ते मला कळलं नाही.

परवा जिग्नेश आला. बंगळुरूहून तो दोन्ही डाव हरून आला होता हे तुला माहीत आहे, तूच त्याला बळजबरी पाठवलं होतंस. सोफ्यावर बसला, चहा घेतला नाही. आई आत गेल्यावर म्हणाला, 'वैशाली, एक बात मेरे से रखी नहीं जाती. उस टर्न में मेरे पास काम का बस वो एकच कार्ड होता. तूफान नहीं आता ना, तो मैं गया था. अगली बारी में समीर जीत जाता.' आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. तो माझ्याकडे हलका व्हायला आला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो गेल्यावर मी बाथरूमचा नळ सोडून अर्धा तास आत बसले.

तर आता ते सांगते, जे दोन ओळींत बसलं नसतं.

दादा, त्या दिवशी मला घरी जायचं होतं. तासभर मी तुझा श्वास ऐकत बसले होते, माझी पाठ धरली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तो डाव कसाही संपला असता तरी मला चालणार होतं. पट्टीवर वादळ दिसत होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, वादळ टाक, टाकून मोकळा हो. मग तू जे काही बोललास ते मला चार ऐकू आलं. तू सात म्हणालास, असं मला आता वाटतं. तुझ्या घशातला तो आवाज, तो तेच होता. आणि तू सगळ्यांसमोर 'हो' म्हणालास, कारण माझा चेहरा तुला दिसला होता. नियम काहीही असो, माझा चेहरा होता. त्याबद्दल तुझी क्षमा मागायला मला पाच आठवडे मिळाले होते, आणि ते मी तुझ्याशी भांडण्यात घालवले.

हॉस्पिटलचं मात्र तसं नाही. ते मी रोज स्वतःला सांगते. तिथे मला नळी हवी होती. मशीन हवं होतं. तू कसाही, कितीही, नुसता घरात असलास तरी चाललं असतं मला. मी तुझ्या तोंडाशी कान लावला तो 'हो' ऐकायला. आणि तुझ्या त्या जिभेवर 'नको' आणि 'हो' यांत असं किती अंतर उरलं होतं? मी 'हो' म्हणून सांगितलं असतं तर कोणाला कळलं असतं? मला 'नको' ऐकू आलं आणि मी 'नको' सांगितलं. म्हणून ते तुझंच होतं असं मी धरून चाललेय. दिवसा हे पटतं. तेही सगळा दिवस नाही.

आई अजून रोज एकदा विचारते, 'नीट ऐकलं होतंस ना गं?' मी हो म्हणते. ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी परत विचारते. काल ती तुझी खोली झाडत होती. परत तेच विचारलं, आणि मी हो म्हणायच्या ऐवजी सगळं सांगून टाकलं. 'आई, मला त्याने हो म्हणायला हवं होतं. मला हो ऐकायचं होतं गं.'

केरसुणी तशीच हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग तुझ्या पलंगाच्या कडेवर बसली.

'मला पण,' म्हणाली.